करवतीच्या मापाची गोधडी

कात्रीने कापड कापताना मी करवतीसाठी सोडतात तेवढी जागा सोडली होती.

हे वाचून जो सुतार असेल तो हसेल, जी गोधडी शिवणारी असेल ती कपाळावर हात मारेल, आणि बाकीचे "बरं, मग?" म्हणतील. संपादकांनी मला बजावलंय, "आजी, लोकांना कळेल असं लिहा." तर बाकीच्यांसाठी आधी धंद्यातलं सांगते.

करवत लाकडातून जाते तेव्हा ती जिथून जाते तेवढं लाकूड भुसा होऊन खाली पडतं. म्हणून एका फळीचे दोन तुकडे केले की ते मिळून पहिल्या फळीएवढे कधीच भरत नाहीत, केसभर कमी होतात. सुतार खूण करतानाच ते केसभर धरून ठेवतो. कात्रीचं तसं नाही. कात्री काही खात नाही. पण कापडाला पुढे शिवण लागते, आणि शिवण दोन्हीकडून बोट-बोटभर कापड आत ओढून घेते. तेवढी माया कापतानाच सोडावी लागते. मी काय केलं, तर जी काहीच खात नाही त्या कात्रीसाठी केसभर सोडलं, आणि शिवणीसाठी शून्य. वर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन गुणगुणत बसले.

असं कुणी कसं करेल? त्यासाठी आमचं घर माहीत पाहिजे.

नाशिकच्या पेठ रोडवरून आत वळलं की आमची पत्र्याची शेड. अजून आहे, फक्त पत्रे बदलले. निम्म्या शेडमध्ये माझे सासरे, आबा, सुतारकाम करायचे: पाळणे, पाट, देव्हारे. उरलेल्या निम्म्यात सासूबाई गोधड्या शिवायच्या. मधे जुन्या चादरीचा पडदा, आणि त्या पडद्यावरून दिवसभर भांडण.

"तुमचा भुसा आला माझ्या गोधडीत. गिऱ्हाइकाला खाज सुटली तर येईल तुमच्याकडे."

"तुझे दोरे आधी काढ माझ्या रंध्याच्या तोंडातून. गिऱ्हाइकाचं नंतर बघू."

आमचे हे या भांडणाला कंटाळून कारखान्यात लागले, ते रिटायर होईपर्यंत पडद्याच्या कुठल्याच बाजूला फिरकले नाहीत. राहिले मी. सटाण्याकडची, कांद्याच्या घरातली. कुणी "कशी आहेस?" विचारलं की तोंडातून अहिराणीत "बरी शे" निघायचं आणि सासूबाई हसू दाबायला पदर तोंडाला लावायच्या. त्या रागानं म्हणा, नाहीतर चिंध्या शिवणं हे म्हाताऱ्यांचं काम असं माझ्या डोक्यात बसलं होतं म्हणून म्हणा, मी पडद्याच्या अलीकडे, आबांकडे राहिले. वर्षभरात करवत धरायला शिकले, रंधा मारायला शिकले. आणि शिकलेलं गावाला दिसावं म्हणून कानावर पेन्सिल अडकवून नळावर पाणी भरायला जायचे. बायका बघायच्या. मला वाटायचं कौतुकानं बघतात.

गोधडीचं गिऱ्हाईक कसं येतं हेही सांगते. ते गाठोडं घेऊन येतं. गाठ सोडायच्या आधी म्हणतं, "आईची आहेत." मग थोडं थांबतं. त्या थांबण्यात मी आयुष्यभर उभी राहिलेय. काय बोलायचं असतं तिथे? अजून कळलेलं नाही. जगातल्या सगळ्यांच्या आया शेवटी माझ्याकडे गाठोड्यात येतात, आणि मी कापड उजेडाकडे धरून म्हणते, "इथे विरलंय, हे आत घालावं लागेल." सुतारकामाचं गिऱ्हाईक त्या मानानं बरं. ते झाडासाठी रडत नाही.

शालन असंच गाठोडं घेऊन आली. कळवणची सून. दिवस भरत आलेले, दवाखान्यात दाखवायला नाशिकला आली होती, सोबत सासू, पार्वताबाई. शालनची आई नुकतीच गेली होती, म्हणून पहिलटकरीण असूनही बाळंतपण माहेरी नाही, सासरीच व्हायचं होतं. तिनं गाठ सोडली. आईची दोन लुगडी: एक हिरव्या काठाचं, एक तपकिरी चौकड्यांचं. धुऊन धुऊन इतकी मऊ की खाली धरलेला माझा हात वरून दिसत होता.

"वहिनी, पाळणाही तुमच्याकडचाच पाहिजे आणि त्यातली गोधडीही. पण गोधडीत दुसरं कापड नको. फक्त आईचं."

पार्वताबाई तोवर आबांचा एक पाट उलटा करून त्याचे पाय हलवून बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मेल्या मानसाचं लुगडं लेकराच्या अंगाखाली घालत नाय आमच्यात."

"आत्याबाई, तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्या म्हटलं, बघू. बघू म्हंजी हो नसतंय."

लुगड्याच्या काठाची घडी उलगडायची, परत घालायची, एवढंच शालनचं चाललं होतं. पार्वताबाईंनी पाट खाली ठेवला.

"बरं. पाळण्यात शिस्तीत बसली तर घालू. कुठं कमी पडली, कुठं फट राह्यली, तर माझी कापसाची गादी भरून तयार हाय. मंग रडायचं नाय."

शालननं माझ्याकडे बघितलं. "बसेल ना वहिनी?"

पडद्यापलीकडे सासूबाई नव्हत्या. बहिणीचा पाय मोडला म्हणून देवळ्याला गेल्या होत्या. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, ठेवून जा, बघते. मी कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "केसभर फरक पडणार नाही."

पाळणा आबांनी केला. एका लाकडाला जीभ काढायची, तिला आम्ही कुसू म्हणतो, दुसऱ्याला भोक पाडायचं, आणि कुसू भोकात अशी बसवायची की खिळा लागू नये. आबांच्या पाळण्यात खिळा नसायचा. सागाचे चार खूर, दोन्ही बाजूंना कातीव गजांचा कठडा, तळाला फळ्या. रंधा मारून झाला की आबा डोळे मिटून त्यावर हात फिरवायचे. या पाळण्यावर ते जरा जास्तच वेळ फिरवत होते.

मी गोधडीला बसले. सासूबाईंच्या पद्धतीनं थर घालून नुसतं धावदोऱ्यानं शिवली असती तर निभावलं असतं. पण मला चौकटींची करायची होती, एक हिरवी, एक तपकिरी. आबांच्या कचऱ्यातली पातळ फळी घेतली, काटकोन बघायचा गुण्या लावून चौकोनी कापली, पॉलिशपेपर मारला. काय सुंदर साचा! पाळण्याचा तळ मोजला, साचा त्यात बरोबर इतक्या वेळा बसतो हे पडताळून पाहिलं. मग साचा लुगड्यावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, पुढच्या रेघेआधी केसभर जागा सोडायची आणि कापायचं. लाकडात तुकडे एकमेकांच्या कडेला कडा लावून बसतात. माझ्या डोक्यात कापडही तसंच बसणार होतं. चौकटीमागून चौकट जोडत गेले, आणि जोडलेलं एकदाही पसरून मोजलं नाही. हिशेब आधीच झाला होता ना! वर टाके घातले तेही आवळून, कारण सुताराच्या हाताला ढिलं काही चालत नाही. टाका आवळला की गोधडी आणखी आक्रसते, हे शेंबडं पोर सांगेल. मला कुणी सांगितलं नाही कारण मी कुणाला विचारलं नाही. उरलेलं सगळं कापड आत थर म्हणून घालून टाकलं. एक चिंधी वाया गेली नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटली.

बाळ जन्माला यायच्या आधी पाळणा घरात नेत नाहीत, म्हणून तो आमच्याकडेच होता. कळवणहून निरोप आला, मुलगी झाली, बारशाला पाळणा न्यायला जीप येईल. बारसं तोंडावर आलं तेव्हा मी शेवटचा टाका तोडला, आणि ऐटीत गोधडी पाळण्यात पसरली.

परातीत एकुलता पापड ठेवावा तशी ती दिसली.

मी ती आडवी घातली. उभी घातली. परत आडवी घातली, जणू मधल्या वेळात वाढली असेल. कोपरे ओढले. चारी बाजूंनी तळाच्या फळ्या माझ्याकडे बघत होत्या.

नेमक्या त्या दिवशी सासूबाई देवळ्याहून परतल्या. पिशवी हातात, तशाच पाळण्यात वाकल्या.

"शकू, बाहुलीची आहे का गं?"

त्यांनी दोन बोटांत एक शिवण धरली, उलटून पाहिली. "मायेला किती सोडलंस?"

"करवतीला सोडतात तेवढं."

सासूबाई होत्या तिथे चिंध्यांच्या ढिगावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. मग त्यांचं लक्ष हिरव्या काठाकडे गेलं आणि हसू थांबलं.

"कुणाचं आहे हे?"

मी सगळं सांगितलं. शालनची आई, पार्वताबाई, भरून तयार असलेली गादी.

"उरलेलं कापड कुठंय?"

"आत."

"दुसऱ्या कापडाचा काठ लावता येईल. पण ती बाई पहिल्यांदा काठच बघणार." त्यांनी सुईच्या टोकानं एक टाका उसवून पाहिला. टाका निघाला, त्याबरोबर भोवतालचं कापड चाळणीसारखं झालं. सुई त्यांनी लगेच काढून घेतली. "हे आता उसवत नाही. उसवलं तर हातात काहीच राहायचं नाही."

शालनचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तिची आई परत एकदा जाणार होती, या वेळी माझ्या हातून. मी रडायला लागले, तेही अहिराणीत, आणि या खेपेला सासूबाई हसल्या नाहीत.

पडदा हलला. आबा पलीकडून सगळं ऐकत होते. ते आले, पाळण्याभोवती एक चक्कर मारली. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता.

"कापड वाढेल का?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"नाही."

"मग पाळणा कमी करू."

"अहो, काहीतरीच काय! असा पाळणा कित्येक दिवसांत केला नाही तुम्ही."

"म्हणून तर हिनं कापायचा," आबा म्हणाले आणि करवत माझ्या हातात दिली.

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. सरसानं धरलेले सांधे आम्ही गरम पाण्याची फडकी लावून सोडवले. आबांनी गोधडी फळीवर पसरली, तिच्या कडेनं खुणा केल्या. मी करवत लावली की दर वेळी एकच प्रश्न यायचा, अगदी शांतपणे.

"सूनबाई, करवतीचं धरलं का?"

"धरलं."

मी कापत होते तेव्हा ते रस्त्याकडे तोंड करून विडी ओढत होते. विडी कधीच विझली होती.

पाळणा कमी केला म्हणजे नुसती टोकं उडवून भागत नाही. नव्या कुसवा काढाव्या लागल्या. कडेचे गज निघाले, त्यांची भोकं पट्टीत उघडी पडली. आबांनी सागाचे छोटे तुकडे घासले, सरस लावून त्या भोकांत ठोकले, वरून पटाशीनं सपाट केले, पॉलिश मारलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही ठिगळंच लावता की." एरवी यावर दिवसभर भांडण झालं असतं. आबा नुसते "हूं" म्हणाले.

बारशाला पाळण्याबरोबर मी कळवणला गेले, कड्या अडकवायला कुणीतरी लागतंच म्हणून. अंगण बायकांनी भरलेलं. पार्वताबाई काखेत गुंडाळलेली गादी घेऊनच उभ्या होत्या. पाळणा टांगला, गोधडी पसरली. शालन बाळाला घेऊन आतल्या दारात थांबली होती, पुढे येत नव्हती. गोधडीकडे न बघता ती सासूच्या हाताकडे बघत होती.

पार्वताबाईंनी काठानं बोट फिरवायला सुरुवात केली. एक बाजू झाली. दुसरी झाली. बोट आत जाईल अशी फट कुठेच नव्हती. मग त्यांचा हात कठड्याच्या पट्टीवर आला, आबांनी भोक बुजवलं होतं तिथे अंगठा थांबला. परत मागे गेला, परत त्याच जागी थांबला. आणि त्यांनी लाकडाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी कड्या तपासतेय असं दाखवायला लागले. तपासून झालेल्या कड्या.

पार्वताबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा काखेत गादी नव्हती.

"आना लेकराला," त्या म्हणाल्या.

शालननं बाळाला ठेवलं. हिरवा काठ डोक्याखाली येईल अशी गोधडी जरा फिरवली आणि त्या काठावर तळवा टेकवून क्षणभर तशीच वाकून उभी राहिली. बायका पाळणा म्हणायला लागल्या. मला तिनं ओंजळभर घुगऱ्या दिल्या, आणि दिल्याचं विसरून परत दिल्या.

त्यानंतर मी पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसायला लागले. सासूबाईंनी पडदाच काढून टाकला, धुतला आणि एका गोधडीत आत घातला. पुढे दोघं गेली आणि दोन्ही धंदे माझ्या अंगावर आले. आबांनी मात्र तसा पाळणा पुन्हा केला नाही. नंतर गिऱ्हाइकं पाइपचे पाळणे घ्यायला लागली, आबांची नजरही मंदावली. त्यांनी शेवटी जीव ओतून केलेला पाळणा मी कापला, ही गोष्ट काही माझ्या मनातून जात नाही. इतकी वर्षं भुसा झाडतेय, हा भुसा तेवढा निघत नाही.

आता मी थकले. गुडघे चढावर बोलतात, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना सुईचं नाक एकाऐवजी दोन दिसतं आणि दोरा तिसरीकडेच जातो. करवत तर मी कपाटावर ठेवून दिलीय. पण रविवारी लोक येतात. ज्याच्यावर आमची चूल पेटली त्याला हे लोक छंद म्हणतात. रिटायर झालेले साहेब लोक अंबडच्या कारखान्यांतून माल येतो त्या खोक्यांचं लाकूड घेऊन येतात. त्यांच्या बायका चौकटींच्या गोधड्या शिकायला येतात. एक जोडपं तर असं, की साहेब वेगवेगळ्या रंगांची लाकडं कापून गोधडीच्या नक्षीचं टेबल करतात आणि बाई तीच नक्षी कापडात करतात. दोघांना मिळून एकच मोठं टेबल, त्यामुळे आमच्या शेडमधलं जुनं भांडण नव्या आवाजात ऐकायला मिळतं.

"अहो, तुमचा भुसा!"

"अगं, तुझे दोरे!"

मी खुर्चीतून ऐकते. पडदा लावून द्यावा असं कधीकधी मनात येतं. पण उठायचा कंटाळा येतो.

परवा त्या साहेबांनी बायकोला मदत म्हणून चौकटी कापून दिल्या. केसभर जागा सोडून, शिवणीला काही न सोडता. बाईंनी त्या माझ्यापुढे टाकल्या. "आजी, बघा यांची अक्कल!" मी इतकी हसले की साहेब बिचारे खट्टू झाले. मग त्यांना बरं वाटावं म्हणून पाळण्याची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पण आजी, शालनच्या सासूबाईंना शेवटी कळलं का, पाळणा कापल्याचं?"

तर ते सांगून थांबते.

बारशानंतर थंडी पडली तेव्हाची गोष्ट. मी एकटीच शेडमध्ये होते. पार्वताबाई कळवणच्या एसटीनं एकट्याच आल्या, धापा टाकत माझ्या स्टुलावर बसल्या, पाणी प्याल्या, चहा प्याल्या. पोरीचे पाय आताच कठड्याला लागतात, म्हणाल्या. ती रडायला लागली की तिची आई तिला त्याच गोधडीत गुंडाळून घेते, असंही म्हणाल्या. मला वाटलं आता आपणच बोलून टाकावं. "पार्वताबाई, तो पाळणा—" एवढं माझ्या तोंडून निघालं, तोच त्यांनी हात वर केला. पिशवीतून गाठोडं काढलं, मांडीवर ठेवून गाठ सोडली. आत एक लुगडं होतं, वापरून वापरून मऊ झालेलं, स्वच्छ धुतलेलं, चुलीच्या धुराचा वास असलेलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या:

"हे माझं हाय. जित्तेपनीच आनलंय, म्हंजी मागनं कोणी नाक मुरडायला नको. म्होरल्या नातवंडाला याची गोधडी कर. आन् पोरी, या टायमाला पाळणा नको कापू. कापड थोरलं काप."